रेश्माच्या गाण्यातली हौसाबाई

अन्याय झाला तो हौसाबाई धवलारणीवर. माघ महिन्यातला मंगळवार, दुपारी तीनचा सुमार, रोह्याच्या बाजारपेठेतल्या एका कॅसेटच्या दुकानामागची खोली. भिंतींना अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे चिकटवलेले आणि पंखा बंद, कारण पंख्याची घरघर टेपमध्ये येते. त्या खोलीत हौसाबाईनं साडेचार मिनिटं गाणं म्हटलं. ते गाणं तेव्हापासून आमच्या बाजूच्या प्रत्येक हळदीला वाजत आलंय, या मोसमातही वाजलं, आणि त्यावर नाव आहे दुसरीचं.

मी पत्रकं लिहिणारी बाई आहे. खारबंदिस्ती, म्हणजे खाडीचा बांध, फुटली, पत्रक. नळाला पाणी नाही, पत्रक. एकोणिसाव्या वर्षापासून हेच करतेय, आणि त्यात एक शिस्त लागते: पहिल्या ओळीत कुणावर आणि कधी, शेवटच्या ओळीत मागणी, मधे रडगाणं नको. हे मात्र पत्रक नाही. यात मधलंच जास्त आहे. आठवणी लिहायला साठी यावी लागते असं मला दोघातिघांनी ऐकवलं. बत्तिसाव्या वर्षीच लिहितेय, कारण जिच्यासाठी लिहितेय ती ऐंशीच्या पुढे गेली आणि तिला ऐकू कमी येतं.

हौसाबाई म्हणजे माझ्या आईची मावशी. आम्ही सगळीच तिला मावशी म्हणायचो, आईही आणि मीही. धरमतर खाडीच्या काठावरच्या गावात तिचं घर, दारातून मिठागरं दिसायची. आमच्यात लग्न लावते ती धवलारीण. भटजी आता येतो, पण धवलारीण मांडवात सूप घेऊन बसते, सुपात तांदूळ, त्यावर दिवा, आणि ती गाते ते धवले. गावदेवीपासून सुरुवात करून नवरीला हळद लावून, मांडवातून काढून, थेट सासरच्या उंबऱ्यापर्यंत पोचवायचं, तोवर धवला संपत नाही. मधे सोडायचा नाही. सूप तिचं तिनंच खाली ठेवायचं, दुसऱ्या कुणी तिला थांब म्हणायचं नाही.

आम्ही पेणला राहायचो, दोन खोल्या आणि मागे पापड वाळत घालायची जागा. वडील लवकर गेले. आई रोज सकाळी मिनीडोर रिक्षात बसून हमरापूरला दिगंबरनानांच्या गणपतीच्या कारखान्यात आखणीला जायची. आखणी म्हणजे डोळे. मूर्ती कुणीही रंगवेल, पण डोळे शेवटी आणि एकाच हाताने, श्वास रोखून. शाळा सुटली की मीही तिथेच. ओल्या रंगाचा वास, प्लास्टरची पांढरी पावडर केसांत, पायात, डब्यातल्या भाकरीवरसुद्धा. भाकरी तांदळाची, सोबत सुका जवळा कांद्यात परतलेला, आणि वालाचा हंगाम असला तर बिरडं. जवळ्याचा डबा उघडायचा तर गणपतींकडे पाठ करून बसायचं, असा आईचा नियम होता. हजारभर गणपती चारी बाजूंना. पाठ तरी कुणाकुणाकडे करायची?

आणि टेप. कारखान्यात टेप सकाळी लागायचा तो दिवे लागेपर्यंत. दिगंबरनानांकडे बिस्किटांच्या मोठ्या पत्र्याच्या डब्यात कॅसेटी होत्या, आणि त्यांना एकच वेड: एकगाणे. शब्द त्यांचाच. आयुष्यात ज्याचं एकच गाणं गाजलं तो एकगाणा. नागोठण्याचा एक टेम्पोवाला होता, त्याच्या गाण्यात मधे मधे हॉर्न वाजायचा. तो त्याच्याच टेम्पोचा, खास सोडवून रेकॉर्डिंगला नेलेला, आणि त्या दिवशी टेम्पो बिनहॉर्नचा घाटातून आला. उरणच्या बाजूचा एक शाळेचा शिपाई होता, कोळीगीत म्हटलं आणि ठेक्याला शाळेचीच पितळी घंटा. त्या दिवशी शाळा सुटली कशी, हे नानांना अजून कळलेलं नव्हतं. एक कंपाउंडर होता. कव्हरवर काळा गॉगल, चमकीचा शर्ट, आणि मराठीत डिस्को. गाणं गाजलं, पण दवाखान्यात सुई तोच टोचायचा, त्यामुळे पोरं त्याचं गाणं लागलं की रडायची. कोलाडच्या हॉटेलवाल्याच्या दोन मुली होत्या. एक गाणं झालं, थोरली सासरी गेली, जोडी फुटली.

नाना ब्रश धुता धुता परीक्षा घ्यायचे. "टेम्पोवाल्याचं दुसरं गाणं?"

"नाय!" सगळा कारखाना ओरडायचा.

"कंपाउंडरचं?"

"नाय!"

"रेश्माचं?"

"नाय!" आणि इथे आई मला चिमटा काढायची. मांडीला, जोरात, एक हात मूर्तीच्या डोळ्यावर स्थिर ठेवून.

कारण 'आयली होरी' हे गाणं आमच्या घरातलं होतं. 'खारीवरशी आयली होरी, रेश्माबाय बसली मांडवादारी.' होरी म्हणजे होडी. कव्हरवर परकर-पोलकं घातलेल्या, कपाळाला हळद लावलेल्या एका मुलीचा फोटो आणि खाली ठसठशीत, 'गायिका: कु. रेश्मा'. नऊ वर्षांच्या पोरीचा आवाज असा जाड, मिठानं खाल्लेला कसा असेल, हे महाराष्ट्रात एकालाही विचारावंसं वाटलं नाही. वाटत होतं ते मला, पण मला चिमटा होता.

मावशीसोबत त्या दिवशी रोह्याला आईच गेली होती. दुकानदार बापूशेठनं कुणाच्या तरी लग्नात मावशीला ऐकलं आणि बोलावणं धाडलं. मावशी खोलीत शिरली, सूप मांडीवर घेतलं, आणि गाईचना. "नवरी कोन?" बापूशेठ म्हणाले, नवरी नाही, ही कॅसेट आहे. "नवरी नाय तर धवला कोनाचा? नाव काय घेऊ?" अर्धा तास हेच चाललं. मग खोलीच्या दारात बापूशेठची मुलगी बिस्किट खात उभी होती तिला मावशीनं हाक मारली, "ये बाय, तुझं नाव काय? रेश्मा? बस अशी." तिला पाटावर बसवलं, कपाळाला हळदीचं बोट लावलं, आणि मग तिचा धवला सुरू झाला. साडेचार मिनिटांनी बापूशेठनी हात वर केला, बस, एवढं पुरे. मावशी म्हणाली, अजून पोर मांडवातच हाय. ते म्हणाले, आजी, टेप संपली.

निघताना त्यांनी विचारलं होतं. आई हे दरवेळी सांगते, मी खोटं लिहिणार नाही. "आजी, कव्हरवर नाव कुणाचं टाकू?" मावशी म्हणाली, "धवल्यात धवलारणीचं नाव नसतं. जिचा धवला, तिचं." म्हणून काय त्यांनी तसंच छापावं? ते व्यापारी होते, रोज कव्हरं छापायचे, गायिका म्हणजे काय ते त्यांना चांगलं माहीत होतं. बाईनं रीत सांगितली आणि त्यांनी सोय पाहिली. हे माझं मत तेव्हाही होतं आणि आजही आहे.

"पण आपण सांगायचं ना लोकांना," मी आईला म्हणायचे.

"मावशी नको बोलली." आई ब्रशच्या टोकाला जीभ लावायची, रंगाची चव तिला आवडायची की काय कोण जाणे. "वैशे, मी एवढे डोळे आखते. मुंबईला जातात, पुण्याला जातात. खाली कोन माझं नाव लिहितं काय?"

याचं उत्तर मी इथे देत नाही. ते वेगळं पत्रक होईल.

मी एकोणीसची असताना सुजाताची हळद आली. सुजाता मावशीच्या भावकीतली. सकाळी दहाची वेळ, मांडवाला आंब्याचे टहाळे, बाजूला चुलीवर वड्यांचं तेल तापत होतं. मावशी कोपऱ्यात सूप घेऊन बसली होती. पूर्वी ती मधोमध बसायची. मधोमध आता डीजेच्या पेट्या होत्या. मावशी गावदेवीचं नाव घेऊन, विहिरीचं घेऊन, मांडवाचे बांबू आणणाऱ्याचं घेऊन सुजाताच्या मामापर्यंत पोचली होती, तोच नवरीचा भाऊ नितीन आला. वाईट मुलगा नाही तो, गाडी सजवून घामाघूम झाला होता. वाकून, अगदी प्रेमानं म्हणाला, "मावशे, आता बस हां. रेश्माचं लावतो."

आणि लावलं. 'खारीवरशी आयली होरी.' मावशीच्या तोंडात अर्धी ओळ, आणि दोन पुरुष उंचीच्या पेट्यांमधून मावशीच मावशीवर ओरडतेय. ओळ तिथंच तुटली. तिनं सुपातल्या दिव्याला हाताचा आडोसा केला, पेट्यांच्या दणक्यानं ज्योत थरथरत होती म्हणून.

मी उठले आणि वायर उपटली.

"वैशे! काय डोकं फिरलं काय गो तुझं?"

"हा आवाज हिचा आहे! हिचाच! रेश्मा-बिश्मा कुणी नाही!"

सगळे हसले. एवढं खदखदून हसले की वडेवाली झारा घेऊन बघायला आली. नितीन म्हणाला, "व्हय काय? मग होऊन जाऊंदे. म्हण मावशे, रेश्माचं म्हण."

मावशीनं माझ्याकडे पाहिलं. रागानं नव्हे, पण मी तिला कुठे आणून सोडलं ते मला त्या नजरेत दिसलं. तिनं सूप नीट धरलं आणि म्हटलं, "खारीवरशी आयली होरी, सुजाताबाय बसली मांडवादारी..."

"चुकली! चुकली!" पोरं नाचायला लागली. "सुजाता नाय, रेश्माबाय! मावशीला पाठ नाय!"

"वय झालं गो तिचं," एक बाई कळवळून म्हणाली, "नका छळू."

"मांडव सुजाताचा हाय," मावशी म्हणत होती. "दुसरीचं नाव इथं कसं घेऊ?" पण तोवर वायर परत जोडली गेली होती. तिचं तिनं केलेलं गाणं, आणि ते तिला येत नाही असं भर मांडवात ठरलं. रीत एकट्या तिनं पाळली होती आणि चुकली म्हणून हसू तिचंच झालं. ती उठली. तांदूळ पदरात बांधले, सूप काखेत घेतलं. वडे न खाता आम्ही बांधावरून तिच्या घरी चालत गेलो. वाटेत ती एवढंच बोलली, "दोन धवले अर्धे राहिले माझे. एक आजचा. एक त्या रोह्याच्या पोरीचा. ती तशीच बसलीय गो, हलद लावून."

ते मी ऐकलं, पण ऐकून घेतलं नाही. मला लढायचं होतं. घरी येऊन आयुष्यातलं पहिलं पत्रक लिहिलं. मथळा: 'गाणं चोरणारी रेश्मा कोण?' दोनशे झेरॉक्स काढल्या, खळीचा डबा घेतला आणि एस.टी.नं रोह्याला गेले.

कॅसेटचं दुकान आता मोबाइल रिचार्जचं झालं होतं. काउंटरमागे बापूशेठ बसले होते, एक हात लुळा पडलेला. मी त्यांच्याच शटरला पहिलं पत्रक चिकटवत होते तेव्हा मागून एक मुलगी आली. खांद्याला डब्याची पिशवी, गळ्यात कंपनीचं कार्ड. धाटावच्या एका कंपनीतून शिफ्ट करून येत होती. ती थांबली आणि खळ ओली असतानाच तिनं सगळं पत्रक वाचलं, शेवटच्या ओळीपर्यंत.

"चोर लिहिलंयस," ती म्हणाली. "मी तेव्हा तिसरीत होते."

मी खळीचा ब्रश डब्यात ठेवला.

"गॅदरिंग आलं की बाई म्हणायच्या, रेश्मा, तुझं गाणं. मी घसा दुखतो म्हणून सांगायचे. दहावीपर्यंत माझा घसा दुखत होता. मला सा लावता येत नाय. मी कुठल्या हळदीला जात नाय, माहितेय? सख्ख्या मावसबहिणीच्यापण नाय गेले. गेलं की माइक देतात हातात."

बापूशेठ आतून म्हणाले, "मी विचारलं होतं तिला नाव. कव्हर पनवेलला छापायला द्यायचं होतं दुसऱ्या दिवशी. कोरं ठेवू काय?"

"धवलारीण लिहायचं," मी म्हणाले. "गाव लिहायचं. तुम्हाला माहीत होतं."

त्यांनी चांगल्या हातानं लुळा हात उचलून मांडीवर घेतला. मग म्हणाले, "माहीत होतं."

पत्रक मी सोलून काढलं. उरलेली एकशे नव्व्याण्णव पेणला परत आणली. आईनं त्यांच्या पाठच्या कोऱ्या बाजूवर वर्षभर डोळ्यांचा सराव केला. मी चुकीच्या बाईवर निघाले होते, ही गोष्ट तेव्हापासून प्रत्येक पत्रकाआधी स्वतःला एकदा सांगते. त्यामुळे माझी पत्रकं थोडी उशिरा निघतात. चालेल.

मावशीला सगळं सांगितलं. ती वाल सोलत होती. शेठ काय बोलला, कव्हर, आवाज, यातलं काहीएक तिनं विचारलं नाही. विचारलं ते हे: "लगीन झालं तिचं?"

"नाही."

मावशीनं वालाचं ताट बाजूला सारलं. "मना रोह्याला ने."

पुढच्याच आठवड्यात नेलं. एस.टी.त खिडकीशी बसली, सूप मांडीवर, कंडक्टर म्हणाला, आजी, भात पाखडायला चाललात काय? ती म्हणाली, पोर पोचवायला. रेश्मा पहिली शिफ्ट संपवून साडेतीनला आली. मागच्या खोलीत मोबाइलच्या कव्हरांची खोकी होती, पण भिंतींवर अंड्यांचे ट्रे तसेच, धुळीनं काळे पडलेले. मावशीनं पाट मागितला.

"मावशी," रेश्मा म्हणाली, "मला लग्न करायचंच असं काही नाही हां. आधीच सांगते."

"नको करूस," मावशी म्हणाली. "माझा काय हट्ट नाय. पन मांडवात किती वर्सं बसशील बाय? तितून तरी ऊठ."

रेश्मा हसली, मग तोंडावर ओढणी धरली आणि पाटावर बसली. तिनं मोबाइल सुरू करून मधे ठेवला आणि म्हणाली, "आधी तुमचं नाव सांगा. रेकॉर्ड होतंय."

मावशीनं मान हलवली. "धवलारणीनं सगल्यांचं नाव घ्यायचं. देवीचं, विहिरीचं, मामाचं, ज्यानं बांबू आनला त्याचंपन. आपलं नाय घ्यायचं."

"मग तुमचं कोण घेणार?"

"ज्याला ऐकायचं हाय त्यानं घ्यावं."

मग रेश्मानं मोबाइल तोंडाजवळ धरला आणि शाळेत हजेरी देतात तशा खणखणीत आवाजात म्हणाली, "गायिका, हौसाबाई. धवलारीण." दारात बापूशेठ उभे होते, चौकटीला टेकून. त्यांनीही म्हटलं, "हौसाबाई." चौदाएक वर्षांत ते नाव त्या दुकानात पहिल्यांदाच घेतलं गेलं.

मग मावशीनं उचललं ते जिथे टेप संपली होती तिथूनच. आवाज फाटत होता, मधे दोनदा पाणी प्यायली. रेश्माबायला मांडवातून काढली, होरीत बसवली, खाडी उतरवली, आणि पलीकडच्या उंबऱ्यावर नेऊन तिथं कुणी नवरा उभा न करताच म्हणाली, आता तू मोकळी. हे शेवटचं धवल्यात नसतं. ते तिनं तिथे घातलं. आणि सूप स्वतःच्या हातानं खाली ठेवलं.

त्यानंतर रेश्मा हळदीला जायला लागली. माइक दिला की घेते आणि सांगते, हे माझं नाही, हौसाबाईंचं. काही ऐकतात, काही म्हणतात बाई लाजतेय. ते साडेचार मिनिटांचं गाणं आता फोनवर चार-पाच नव्या ठेक्यांत मिळतं, सगळीकडे नाव रेश्माचंच. पुरं गाणं आधी फक्त मावशी, रेश्मा आणि मी, अशा तिघींकडेच होतं. दिगंबरनानांच्या एकगाण्यांच्या डब्यात मी त्याची एक प्रत टाकली आणि त्यांच्या परीक्षेत भांडले: दुसरं गाणं नाय, नाय, असं ओरडता, या लोकांना दुसरं म्हणा असं कुणी सांगितलं होतं काय? नानांनी हातातला ब्रश धुऊन ठेवला. मग त्यांनी रेश्माच्या कॅसेटवरचं नाव खोडलं आणि आईनं, डोळे आखायच्या बारीक ब्रशानं, त्यावर खरं नाव लिहिलं. आईनं कुठल्याही वस्तूवर लिहिलेलं ते एकच नाव आहे.

आता मागणी, आणि ती तुमच्याकडेच आहे. तुम्ही या गाण्यावर नाचला आहात, नाही म्हणू नका. पुढच्या हळदीला ते लागलं की आवाज कमी करा आणि हे कुणाचं ते सांगा. घरात जुनी कॅसेट असेल तर पेन घ्या आणि कव्हरावरचं नाव खोडून खरं लिहा. गाणं स्वतः म्हणणार असाल तर रेश्मा म्हणू नका, समोर पाटावर बसली आहे तिचं नाव घाला. आणि मांडवाच्या कोपऱ्यात सूप घेऊन कुणी म्हातारी बसली असेल, तर ती स्वतःच्या हातानं सूप खाली ठेवत नाही तोवर डीजेच्या बटणाला हात लावू नका.

ती स्वतःचं नाव घेणार नाही. तुम्ही घ्या. आत्ता, हे वाचताय तिथेच, आणि मोठ्यानं, तिला ऐकू कमी येतं.